अपिलातील नवा पुरावा

सुप्याच्या पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याचा उधारीचा दावा दिवाणी न्यायालयात फेटाळला जावा आणि पुढे पंधरा दिवसांत जुन्या पेटीत देणेकऱ्याच्या सहीची पावती सापडावी, असा प्रसंग व्यापारी घराण्यांना अपरिचित नाही. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते. ती पाळली, तरी पावती आपोआप विचारात घेतली जात नाही.

खालच्या न्यायालयापुढे आलेल्या पुराव्यावरच अपिलाचा निर्णय व्हावा, हा मूळ नियम आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम २७ त्याला तीनच अपवाद देतो : खालच्या न्यायालयाने घ्यावयास हवा असलेला पुरावा नाकारला, योग्य दक्षता घेऊनही पक्षकाराला तो ठाऊक नव्हता किंवा हजर करता आला नाही, अथवा निकाल देण्यासाठी वा अन्य सबळ कारणासाठी न्यायालयालाच त्याची गरज भासली. पुरावा स्वीकारताना न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात.

मुंबईच्या केसवजी इस्सर विरुद्ध ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०७ साली हेच तत्त्व सांगितले : उपलब्ध पुरावा तपासताना त्यातच उणीव दिसली पाहिजे, बाहेर काही नवे सापडले एवढे पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात स्पष्ट केले की, पक्षकाराचे अनवधान किंवा वकिलाचा निष्काळजीपणा हे सबळ कारण नव्हे. आणि असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीच्या वेळीच विचारात घ्यावा.

म्हणून पेटी दुकानातच होती की दिवंगत मुनिमाच्या घरी, यावर बरेच अवलंबून असते. आपल्याच माळ्यावरील पेटी उघडली नाही, याला दक्षता म्हणता येत नाही. अर्जासोबतच्या शपथपत्रात कागद कोठे, केव्हा, कोणाला सापडला, आधी कोणता शोध घेतला आणि त्याचा वादाशी संबंध काय, हे प्रामाणिकपणे लिहावे. अर्ज शक्यतो अपिलासोबतच द्यावा.

केवळ खतावणीतील नोंदीवर कोणाची देणेदारी सिद्ध होत नाही. तिला पावती, माल पोचल्याची सही, बँकेचा उतारा यांचा आधार लागतो. चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीबरोबर जुन्या वर्षाचे कागदही क्रमाने लावून ठेवले, तर दाव्याच्या पहिल्याच पायरीवर ते हाताशी असतील.