नऊ रंगांचे नवे धर्मशास्त्र

भाद्रपद सरत आला की आमच्या घराघरांतून घटासाठी माती चाळली जाते, धान्य निवडले जाते आणि देवळात मखराच्या लाकडी सांगाड्याची डागडुजी सुरू होते. ही कामे पूर्वी होत, तशी आजही होतात. परंतु त्यांच्याही आधी अलीकडे एक नवे काम होऊन जाते. नवरात्रातील नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी भ्रमणध्वनीवरून दारोदार फिरू लागते. अमुक दिवशी पांढरे नेसावे, अमुक दिवशी तांबडे, अमुक दिवशी निळे. आणि जसे वस्त्र तशाच बांगड्या, तशीच कर्णफुले, तशीच टिकली, फार काय, हातातील पिशवीसुद्धा त्याच रंगाची! यादीच्या शिरोभागी देवीचे चित्र असते व तळाशी त्या त्या रंगाचे फळ लिहिलेले असते. पांढऱ्याने शांती मिळते, पिवळ्याने बुद्धी, हिरव्याने समृद्धी. राखाडी रंगानेही काही तरी मिळते म्हणतात.

रंगाशी आमचे वैर नाही. स्त्रियांनी नटू नये, असे म्हणणाऱ्या शुष्क वैराग्याचे वकीलपत्र आम्ही कधी घेतले नाही व घेणारही नाही. कचेरीतल्या दहा जणींनी ठरवून एके दिवशी पिवळी पातळे नेसली आणि दुपारी डबे उघडताना चार घटका हसण्यात घालविल्या, तर त्यात कोणाचे काय बिघडते? आमचा आक्षेप वस्त्रावर नाही. त्या वस्त्राला धर्माची मुद्रा लावण्यावर आहे. आणि तो केवळ तात्त्विक नाही, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

२०२५ च्या नवरात्रातील शनिवार होता. अंत्रुज महालातील एका देवालयात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. यादीप्रमाणे त्या दिवसाचा रंग राखाडी. आरती आटोपल्यावर महिलावर्ग छायाचित्रासाठी मंडपात ओळीने उभा राहिला. त्या ओळीच्या टोकाशी, देवळाबाहेर बसून अबोलीच्या फात्या गुंफणारी एक वृद्धा हौसेने येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर तांबड्या काठाचे, स्वच्छ धुतलेले हिरवे लुगडे होते. कोणी तरी म्हणाले, “बाय, तूं मातशी कुशीक राव.” तिने आपल्या लुगड्याकडे पाहिले आणि ती हळूच उत्तरली, “गोबरी रंगाचें कापड म्हजेकडेन ना.” एवढे बोलून ती बाजूला झाली व आपली टोपली उचलून बाहेर गेली. मखरातील देवीच्या गळ्यात त्या वेळी तिनेच गुंफलेली फुले होती. आम्ही तेथेच उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते, ते आज उशिरा येथे बोलत आहोत.

आता या यादीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू. पहिला प्रश्न असा की, तिला आधार कोणता? शास्त्राचा म्हणावा, तर सप्तशतीच्या पाठाबरोबर ज्याचे पठण घरोघर होते त्या देवीकवचात शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गांची नावे आहेत. परंतु भक्ताने कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे वस्त्र ल्यावे, याविषयी त्यात एक अक्षर नाही. नवरात्राचा निर्णय सांगणारा आमच्याकडील प्रमाण ग्रंथ म्हणजे काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेला ‘धर्मसिंधु’. प्रतिपदा कोणती धरावी, घट कसा बसवावा, कुमारीपूजन कसे करावे, याचा ऊहापोह तेथे सापडतो. ही नऊ रंगांची यादी मात्र सापडत नाही.

दुसरा आधार ग्रहांचा सांगतात. वार ग्रहांचे, ग्रहांना रंग आहेत, म्हणून वारांनाही रंग आहेत, असा हा युक्तिवाद. ठीक आहे, मग ग्रहांचीच साक्ष काढू. कोणत्या ग्रहाचे रत्न कोणते, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. चंद्राचे मोती पांढरे, मंगळाचे पोवळे तांबडे, गुरूचा पुष्कराज पिवळा; येथवर यादी जुळते. पुढे मात्र साक्षीदार अडखळतो. बुधाचा पाचू हिरवा, पण यादीतला बुधवार निळा. शुक्राचा हिरा शुभ्र, पण यादीतला शुक्रवार हिरवा. शनीचा नीलम निळा, पण यादीतला शनिवार राखाडी. रवीचे माणिक तांबडे, पण यादीतला रविवार नारिंगी. सात साक्षीदारांपैकी चौघे उलटले, तर अशा पुराव्यावर कोणते न्यायालय निकाल देईल?

तिसरा आधार अधिकच नाजूक आहे. अमुक रंग अमुक दुर्गेला प्रिय, असे यादीच्या तळाशी लिहिलेले असते. परंतु रंग ठरतो वारावरून आणि दुर्गा ठरते तिथीवरून. या दोहोंची गाठ दरवर्षी तीच कशी पडावी? २०२३ साली घटस्थापना रविवारी आली, म्हणून शैलपुत्रीला नारिंगी रंग प्रिय झाला. २०२४ साली ती गुरुवारी आली, तेव्हा पिवळा प्रिय झाला. २०२५ साली सोमवार आला आणि त्याच देवीची आवड शुभ्र झाली. जगन्माता आपली रुची दिनदर्शिका पाहून बदलते, असे मानण्याइतकी आमची श्रद्धा लवचीक नाही. शिवाय त्याच २०२५ साली तिथीची वृद्धी झाली. २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला २ ऑक्टोबरला. नऊ रंगांच्या यादीपुढे दहा दिवस येऊन उभे राहिले! पंचांगाला वृद्धी आणि क्षय ठाऊक आहेत. या नव्या शास्त्राला ते ठाऊक नसावेत.

मग यादी आली कोठून? तिचा जन्म कोणत्याही मठात झाला नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या एका मराठी दैनिकाने असा उपक्रम सुरू केला की, नवरात्राच्या प्रत्येक दिवसाचा रंग जाहीर करावा, वाचक स्त्रियांनी त्या रंगाची वस्त्रे लेवून आपली समूहछायाचित्रे पाठवावीत आणि ती छापली जावीत. कल्पना चतुर होती, यात संशय नाही. नोकरीच्या धकाधकीत पिचलेल्या हजारो स्त्रियांना तिने निर्भेळ आनंद दिला, हेही आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. वृत्तपत्राने वाचक मिळवावेत, वाचकांनी आनंद मिळवावा; हा उभयपक्षी लाभाचा व्यवहार झाला. परंतु व्यवहाराची कागदपत्रे पोथीच्या बासनात बांधली म्हणून त्यांची पोथी होत नाही.

येथे कोणी म्हणेल, “शास्त्र नसो, रूढी तर झाली ना? आणि रूढी शास्त्राहून बलवत्तर, असे तुमचेच न्यायशास्त्र सांगते.” खरे आहे. मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने असाच निर्णय दिला की, हिंदू विधीत रूढीचा स्पष्ट पुरावा लिखित वचनावर मात करतो. आम्हा गोमंतकीयांना तर रूढीचे मोल अधिकच. परकीय राजवटीतही १८८० च्या हुकुमाने येथील हिंदूंच्या रीतिरिवाजांना कायद्यात जागा द्यावी लागली. पण रूढी म्हणजे काय? १९५५ चा हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही; तरी त्याच्या तिसऱ्या कलमात रूढीची केलेली व्याख्या कोणाही विचारी माणसास पटावी अशी आहे. रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळली गेलेली असावी. ती निश्चित असावी. आणि ती गैरवाजवी नसावी. आमच्या यादीचे वय दोन दशकांच्या आसपास. निश्चितता म्हणावी, तर दरवर्षी क्रम निराळा. आणि वाजवीपणाचा निकाल त्या फुले गुंफणाऱ्या वृद्धेने टोपली उचलली तेव्हाच लागला.

वस्त्राच्या रंगाची खरी रूढी कशी असते, हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावे लागत नाही. एरवी मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग संक्रांतीला मानाने घरात येतो. ऐन थंडीत काळे वस्त्र ऊब धरते, आणि नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे शुभ्र दागिने जसे खुलतात तसे दुसऱ्या कशावर खुलत नाहीत. त्या दागिन्यांना सोनार लागत नाही. साखर, तीळ आणि मंद आचेवर तासन्‌तास हलविणारे मायेचे हात लागतात. लग्नातील पिवळी अष्टपुत्री घ्या, गोव्यातील नवरीचा चुडा घ्या. कांकणे भरताना भोवती जमलेल्या मामी-मावश्यांचे डोळे ज्याने पाहिले आहेत, त्याला त्या हिरव्या रंगाचे फळ छापून सांगावे लागत नाही. या रूढींत ऋतू आहे, नाते आहे. नव्या यादीत या दोहोंपैकी काय आहे?

तथापि जुने तेवढे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. रंगाच्या रूढीने आमच्याच समाजात किती क्रौर्य केले, हे विसरून कसे चालेल? पती निवर्तलेल्या स्त्रीच्या अंगावर तांबडे आलवण चढवून तिला आयुष्यभर स्वयंपाकघराच्या अंधारात बसविणारी रूढी जुनी होती, निश्चित होती आणि अखंडही होती. तिच्यात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे माणुसकी. त्या आलवणातून आमच्या पणज्या-आज्यांची सुटका होण्यास पिढ्या लागल्या. स्त्रीने कोणता रंग ल्यावा हे धर्माच्या नावाने दुसऱ्याने ठरवावयाचे, या विचाराची कटू फळे ज्या समाजाने चाखली, त्यानेच तो विचार हसत खेळत पुन्हा घरात घ्यावा काय? आलवण आणि राखाडी पातळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. पण “तू बाजूला उभी राहा” हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे.

शिवाय आम्ही गोव्यात राहतो. १७३६ साली येथील धर्मसमीक्षण सभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना बजावले होते की, पुरुषांनी पुडवें नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये. माणसाच्या अंतःकरणातील देव त्याच्या कापडावरून ओळखता येतो, अशी त्या धर्माधिकाऱ्यांची समजूत होती. ती खोटी ठरली. बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतूनही नवरीचा चुडा आजतागायत भरला जातो. भ्रमणध्वनीवरील यादी आणि ते फर्मान यांची आम्ही तुलना करीत नाही. एकामागे दंडशक्ती होती, दुसरीमागे केवळ हौस आहे. परंतु भक्ती कापडावरून मोजण्याची खोड ज्यांच्या पूर्वजांनी शेजारघरी पाहिली, त्यांनी ती आपल्या मंडपात तरी आणू नये, इतकी अपेक्षा अवास्तव नव्हे.

काही भगिनी आम्हांस विचारतील, “वकीलसाहेब, तुम्ही स्वतः जन्मभर काळा कोट चढविता, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. आमचा काळा कोट व पांढरी पट्टी १९६१ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांनी ठरविली आहे. नियम लिहिणारा कोण, हे ठाऊक आहे. तो बदलावयाचा कसा, हेही ठाऊक आहे. आणि न्यायालयाचे आवार सोडताच तो कोट खांद्यावरून उतरविण्याची मुभा आहे. ज्याचा कर्ता कोण ते ठाऊक नाही, ज्यावर अपील नाही आणि ज्याच्या उल्लंघनाची शिक्षा कुजबुजीने दिली जाते, असा नियम आम्हांस अधिक भयंकर वाटतो.

आणखी एक बाजू आहे, ती पैशाची. नऊ दिवसांची नऊ वस्त्रे ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना हा खेळ फुकट पडतो. ज्यांच्याकडे ती नाहीत त्यांना बाजारात जावे लागते, उसनी मागावी लागतात किंवा नऊ दिवस कारणे सांगावी लागतात. शाळेतील शिक्षिका, दवाखान्यातील परिचारिका, घरकामास येणारी बाई, यांपैकी कितीजणी हे मुकाट सोसतात, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. देवीच्या उत्सवात बाईला आपल्या कपाटाची लाज वाटावी, हा देवीचाच अपमान नव्हे काय?

तात्पर्य, आमची मागणी मोठी नाही. ज्यांना नऊ रंग लेवावेसे वाटतात त्यांनी ते अवश्य लेवावेत, नव्वद लेवावेत. मात्र देवस्थानांच्या महाजनांना व उत्सव समित्यांना आमची सविनय विनंती आहे की, ही यादी देवळाच्या फलकावर लावू नये, उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत छापू नये आणि रंग पाहून कोणास ओळीत घेऊ किंवा वगळू नये. रंगांचीच हौस असेल, तर मखराकडे पाहावे. तेथे शेवंतीचा पिवळा, अबोलीचा केशरी आणि जायांचा शुभ्र रंग एकाच वेळी, एकाच आरतीच्या ज्योतीत झुलत असतो. आणि एकाही फुलाला बाजूला राहण्यास सांगितले जात नाही.

त्या वृद्धेचा पत्ता आम्ही काढला आहे. येत्या नवरात्रात त्या देवळात जाऊन पुढील ओळीत उभे राहण्याची विनंती तिला करावयाची, असे आमच्या घरी ठरले आहे. ती कोणत्या रंगाचे लुगडे नेसून येईल, हे विचारण्याचा आमचा विचार नाही.