कर्जापोटी गेलेला मुलूख

हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या इंग्रजी कंटिन्जंट फौजेचा पगार थकला आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने 1853 चा तह निजामावर लादला. वऱ्हाड व रायचूर दुआबासोबत नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजी अमलाखाली गेला. नळदुर्गचा कारभार इंग्रज अधिकारी मेडोज टेलरकडे आला.

रयतेला कुणी विचारले नाही.

1857 च्या उठावात निजामाचा दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड 1860 च्या तहात झाली. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, 50 लाखांचे कर्जही माफ झाले. मात्र गोदावरीच्या डाव्या तीरावरचा काही मुलूख निजामाला सोडावा लागला, नदीतून जाणाऱ्या मालावरची जकातही गेली. वऱ्हाड तर इंग्रजांकडेच राहिले.

फौजेच्या खर्चापायी गावेच्या गावे तारण ठेवणे हा उघड अन्याय होता. हा इतिहास धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांत शिकवला जावा.