गुरुजींचा अंगठा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

नात छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकते. सुट्टीत आष्टीला आली की ती मास्तरीण आणि मी विद्यार्थी! परवा तिने बोटांच्या ठशांचा धडा घेतला. काचेवर काळी पूड फिरवली की ठसा दिसतो, एवढं मला ठाऊक होतं. पण ठसा बिस्किटाच्या रंगीबेरंगी पुड्यावर असेल तर? चित्रांच्या गर्दीत काळ्या रेघा हरवतात. मग तिथे चमकणारी, फ्लुरोसंट पूड वापरतात. निळ्या दिव्याखाली ती वेगळ्याच रंगाचा उजेड देते. रंगीत चष्मा दिव्याचा निळा रंग अडवतो, आणि रेघाच तेवढ्या दिसतात.

आमच्या पिढीला टिनोपॉल आठवत असेल. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकायचं, म्हणून सदरा पांढराशुभ्र दिसायचा. तत्त्व तेच!

कागदाचं तर नवलच. घामातली अमिनो आम्लं कागदात मुरून वर्षानुवर्षं राहतात. डीएफओ नावाचं रसायन लावून कागद तापवला आणि हिरव्या उजेडात, रंगीत चष्म्यातून पाहिला, की जुना ठसा चमकतो.

हे ऐकताना मला माझाच अंगठा आठवला. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एका केंद्रावर गेलो. मशीनने चारदा नाकारलं. "गुरुजी, रेघा झिजल्यात, उद्या या." मागे कापूस वेचून बोटं खरबरीत झालेली एक आजी उभी होती. तिचंही तेच झालं. जन्मभर मी लोकांना अंगठ्यावरून सहीवर आणलं, आणि आता माझी सही कुणी विचारत नाही... असो.

चोराच्या अर्ध्यामुर्ध्या ठशासाठी एवढे दिवे, एवढी रसायनं, एवढी चिकाटी. समोर उभ्या म्हाताऱ्यासाठी मात्र एक काच आणि "उद्या या". हे मला पटत नाही. २०२१ पासून हयातीचा दाखला चेहऱ्यावरूनही निघतो, हे मला नातीकडून कळलं. केंद्रावरच्या पोराने तेव्हाच सांगितलं असतं तर माझी एक खेप वाचली असती. आजीसाठी निदान दुसरं बोट तरी लावून बघायचं!

जाताना नातीने माझ्या पाण्याच्या पेल्यावर पावडर भुरभुरवून हलकेच ब्रश फिरवला. म्हणाली, "आबा, बघा."

रेघा पुसट होत्या, पण होत्या.