घण तिच्या हातात, नाव त्याचं



दोन वर्षांपूर्वी मला लोहारकामाचा छंद जडला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी सायकली आणि रद्दी असायची. आता तिथे ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रमची भट्टी आहे, ऐरण म्हणून भंगारातला पोलादी ठोकळा आहे आणि भात्याच्या जागी केस वाळवायचा ड्रायर. साठीला टेकलेल्या बाईने हे काय आरंभलं, असं शेजारी विचारतात, पण कौतुकानेच. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम शेड दाखवायला आणतात.

या कौतुकाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

गेल्या वर्षी मी ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून खुरपं घडवलं. लोखंड नारिंगी असताना घाव बसतो. ते काळवंडलं की हातोडा नुसता उसळतो, आणि ठिणग्या फुटेपर्यंत तापवलं तर ते जळतं. आकार बरा जमला. मग धार टणक व्हावी म्हणून मी ते लालबुंद खुरपं पाण्याच्या बादलीत बुडवलं. चरकन आवाज आला आणि पातं तडकलं.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बाजारतळावर घिसाडी कुटुंबांची पालं पडतात. ते तडकलेलं खुरपं घेऊन मी तिथे गेले. घण मारणाऱ्या बाईंनी पातं उलटसुलट करून पाहिलं. "अख्खं बुडवलंत ना ताई? पाण्याला नुसती धार दाखवायची. पाठ मऊच ऱ्हाऊ द्यायची." हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

त्यांचे यजमान सांडशीत लोखंड धरून बसले होते. ते छोट्या हातोडीने जागा दाखवत आणि बाई दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथेच घालत. उन्हात, लुगड्याचा पदर खोचून, घावामागून घाव. मी त्यांच्याकडून घण मागून घेतला. दहा-बारा घावांतच माझे खांदे भरून आले, आणि त्यातले निम्मे घाव भलतीकडेच पडले होते. बाईंना विचारलं, "किती वर्षं करता हे काम?" उत्तर यजमानांनी दिलं, "लोहार मी हाय. ती मदत करती."

मदत! हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. शेतात निंदणी-खुरपणी करते ती नवऱ्याला मदत. मागावर कांड्या भरते ती मदत. कुंभाराची माती मळते ती मदत. बारा बलुतेदारांत लोहार होता, पण बलुतं त्याच्या नावाने यायचं. ज्या कामाला दोन माणसं लागतात, त्यातलं एक कारागीर आणि दुसरं मदतनीस, हे कोण ठरवतं?

घरामागच्या भट्ट्यांवरून इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथची आठवण येते. तिथे बायका घरामागच्या छोट्या भट्ट्यांत साखळ्यांच्या कड्या घडवत. भारी साखळीचं काम पुरुषांकडे, हलक्या साखळीचं बायकांकडे, आणि मजुरी अगदीच तुटपुंजी. १९०९ च्या कायद्यानुसार त्यांच्यासाठी तासाला अडीच पेन्स किमान दर ठरला. मालकांनी तो टाळण्यासाठी कागदांवर बायकांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली, आणि अनेकींना ते कागद वाचताही येत नव्हते. १९१० मध्ये मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी सुमारे दहा आठवडे लढा दिला आणि तो दर मिळवला. लढ्यासाठी जमलेल्या निधीतून उरलेल्या पैशांत त्यांनी कामगारांसाठी वास्तूही उभारली. आधी त्या कामगार म्हणून मोजल्या गेल्या, म्हणून दर मागता आला.

आता आपल्याकडे पाहू. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, पहिलं कर्ज १ लाखापर्यंत आणि नंतरचं २ लाखांपर्यंत. पण लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता सांगा, बाजारतळावरच्या त्या पालात नाव कुणाचं लागेल? शिवाय पडताळणी सुरू होते ग्रामपंचायतीपासून किंवा नगरपालिकेपासून. वर्षभर फिरणाऱ्या कुटुंबाने आपली ग्रामपंचायत कुठली सांगायची?

नियमाने बाईला मनाई केलेली नाही, हे खरं. पण एका घरात एकच कारागीर मोजायचा असं ठरलं, की दुसरीची मोजणी आपोआप 'मदत' या खात्यात होते. घण तिचा, खांदे तिचे, कर्जाची पत मात्र त्याची. उद्या त्याने टाकलं किंवा तो गेला, तर तिच्याजवळ कारागीर असल्याचा एकही कागद नसतो.

आणि माझं कौतुक? मी दमले की हातोडा ठेवून चहा करायला जाते. माझं पातं तडकलं तर गोष्ट सांगायला मिळते. त्यांचं तडकलं तर गिऱ्हाईक जातं. पोटाची चिंता नसलेल्या बाईच्या हातातला हातोडा धाडस ठरतो, आणि पोटासाठी घण उचलणारीकडे रस्त्याने जाणारा वळूनही पाहत नाही. माझ्या छंदाची मला लाज वाटत नाही. बाईला तिच्या आवडीचं काम हवंच. पण त्या छंदाने मला त्या घणाचं वजन कळलं, आणि ते कळल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात पालं उतरतील तेव्हा खुरपी-विळे घ्यायला जा, आणि बाईशी बोला. तिच्याजवळ ओळखपत्र आहे का, योजनेत कुणाचं नाव आहे, ते विचारा. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. पती-पत्नी दोघं काम करत असतील तर दोघांचीही कारागीर म्हणून नोंद व्हावी, आणि फिरत्या कुटुंबांची नोंद जिथे पाल असेल तिथे व्हावी, या मागण्या आपण लावून धरू. तुम्हाला जे आढळेल ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते छापू.

माझं दुसरं खुरपं बाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. अजून तडकलेलं नाही.