दिसले तेच लिहा

संगणकाची स्मृती, म्हणजे मेमरी, निरनिराळ्या कामांना वाटून देणारा कोणीतरी लागतो. ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीत हे काम तिचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. तो स्मृतीची ‘पाने’ पाडतो. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते.

कर्नलचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना नियम असा, की पाने मागितल्यावर नकारही मिळू शकतो. त्याची तजवीज ठेवा. प्रत्यक्षात ८ पानांपर्यंतची मागणी सहसा फेटाळलीच जात नसे. जागा मिळेपर्यंत कर्नल शोधतच राही. परिणामी नकारानंतरची तजवीज क्वचितच तपासली जाई. शिवाय, जे काम संपले की जागा मोकळी व्हायची, तेच कधी मागणाऱ्याने अडवून धरलेले असे. मग दोघेही खोळंबत! डिसेंबर २०१४ मध्ये यावर चर्चा झाली, तेव्हा काही अनुभवी जाणकारांनाही हे नवे होते.

आता कर्नलच्या मार्गदर्शिकेत दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत: छोटी मागणी सहसा पुरी होते, पण हमी नाही, म्हणून तपासा. माझ्या मते ही नोंद प्रोग्रामइतकीच मोलाची आहे. यवतमाळ, पुसद, वणीच्या विद्यार्थ्यालाही ती विनामूल्य वाचता येते.

प्रयोगवहीचेही असेच आहे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९६५ आले, तर पुस्तकातले ९८० आणण्यासाठी आकडे जुळवू नका. ९६५च लिहा आणि फरकाचे कारण शोधा. शिक्षकांनो, अशा प्रामाणिक आकड्याचे गुण मात्र कापू नका.