शिबिरे पुरे, खुर्ची मागू या

आपल्या भागात दरवर्षी कुठे ना कुठे मोफत दंततपासणी शिबिर होते. कधी मस्जिदीच्या हॉलमध्ये, कधी उर्दू शाळेत, कधी एखाद्या मंडळाच्या मांडवात. बॅनर लागतो, फोटो निघतात, तरुण डॉक्टर मन लावून शे-दोनशे जणांचे दात तपासतात. जाताना प्रत्येकाच्या हातात टूथपेस्टची छोटी ट्यूब आणि एक चिठ्ठी पडते. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘दोन दाढा किडल्या आहेत, उपचार करून घ्या.’ खरा प्रश्न इथे सुरू होतो. उपचार करून घ्यायचे कुठे?

देवळाली गाव, विहितगाव, गोसावीवाडी, सिन्नर फाटा, जेल रोड यांपैकी कुठल्याही वस्तीत दहा घरांत जाऊन विचारा, की सरकारी किंवा महापालिकेचा दातांचा डॉक्टर कुठे बसतो, कोणत्या वारी, किती वाजता? ताप आला तर कुठे जायचे, बाळंतपणाला कुठे जायचे, हे लोक पटकन सांगतात. दाताचे विचारले की उत्तर येते ते खासगी क्लिनिकचे, नाहीतर मेडिकलवाल्याचे. म्हणजे दाताचे दुखणे हे सरकारने बघायचे दुखणे आहे, हे आपण मनातूनच काढून टाकले आहे. माझ्या मते पहिली अडचण ही आहे. जी गोष्ट आपला हक्क वाटत नाही, ती आपण मागतही नाही.

दाढ दुखायला लागली की हातावर पोट असलेल्या घरात काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले काही दिवस लवंग. मग मेडिकलमधून वेदनाशामक गोळी. दुखणे थांबते, म्हणून काम सुरू राहते. महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजतो. तेव्हा क्लिनिकमध्ये गेले की डॉक्टर रूट कॅनल आणि वर कॅप सांगतात. तो खर्च बघता बघता आठ-दहा हजारांच्या घरात जातो. रिक्षा चालवणाऱ्याला, स्टेशनवरच्या हमालाला, घरी शिलाईकाम करणाऱ्या बाईला एका दाढेसाठी एवढे पैसे काढणे शक्य नसते. मग तो किंवा ती म्हणते, ‘डॉक्टरसाहेब, काढूनच टाका.’ माझ्या ओळखीत चाळिशीच्या आत चार-पाच दाढा गेलेली माणसे आहेत. ती आळशी नाहीत, अडाणीही नाहीत. त्यांनी हिशेब केला आणि त्या हिशेबात दाढ बसली नाही.

सुरुवातीलाच ती कीड साफ करून सिमेंट भरले असते, तर काम एका बैठकीत आणि फार थोड्या पैशांत झाले असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच शिकतो, की चूक लवकर पकडली तर दुरुस्ती तासाभराची, ग्राहकाकडे पोहोचल्यावर पकडली तर आठवड्याची. दाताचेही तेच आहे. फरक एवढाच, की सॉफ्टवेअर पुन्हा लिहिता येते. काढलेली दाढ परत उगवत नाही.

कोणाचा दात सांभाळला जातो?

नाशिक रोड हे सरकारी नोकऱ्यांवर वाढलेले गाव आहे. रेल्वे, करन्सी नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस आणि शेजारी लष्कराची तोफखान्याची छावणी. सैनिकाच्या दातासाठी १९४१ पासून लष्कराचे स्वतंत्र दंतदल आहे. रेल्वे कर्मचाऱ्याला रेल्वेची वैद्यकीय सेवा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या नोंदणीकृत कामगाराला ईएसआय आहे आणि सातपूरला त्याचे रुग्णालय आहे. म्हणजे दाताचा इलाज सरकारला करता येत नाही, असे मुळीच नाही. ज्याच्याकडे ओळखपत्र आहे, त्याचा दात सरकार सांभाळते. ज्याच्याकडे नाही, त्याने दुखणे अंगावर काढायचे. आणि आपल्या समाजातला मोठा वर्ग गॅरेज, सुतारकाम, फेरीचा धंदा, रिक्षा, शिलाई अशा असंघटित कामांतच आहे.

मग अशा माणसाने जावे कुठे? त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे. ईदच्या नमाजला आपण ज्या शाहजहानी ईदगाहवर जातो, तिथून ते जवळच आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, त्यामुळे तिथे केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण नाशिक रोडहून ते आठ-दहा किलोमीटर. सकाळची ओपीडी म्हणजे अर्धा दिवस गेला. रूट कॅनलला दोन-तीन फेऱ्या लागतात, म्हणजे तेवढ्या मजुऱ्या बुडाल्या. मोफत उपचाराची किंमत अशी वेगळ्या खिशातून जाते.

दुसरा पर्याय पंचवटीतल्या खासगी दंत महाविद्यालयाचा. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर क्लिनिकपेक्षा बरेच कमी असतात. हा पर्याय लोकांना सांगायलाच हवा. पण तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आणि शासकीय दंत महाविद्यालय? राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. राज्यभरातल्या दंत महाविद्यालयांच्या परीक्षा ते घेते. पण राज्य सरकारची जुनी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. नाशिक रोडच्या माणसाला त्यातल्या त्यात सोयीचे म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून सीएसएमटीला उतरणे, कारण सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय तिथून चालत जाण्यासारखे आहे. एका दाढेसाठी मुंबई!

दाढ नाही, कॅन्सर चालेल

कोणी म्हणेल, आता सगळ्यांना आरोग्य विमा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, संरक्षण पाच लाखांचे. ही योजना चांगली आहे, तिने अनेकांची घरे वाचवली आहेत. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. तोंडाचा कॅन्सर त्यात बसतो. किडलेली दाढ भरून घेणे बसत नाही. आयटी कंपन्यांच्या ग्रुप इन्शुरन्समध्येही दात बहुधा अपघात झाला तरच धरतात. आम्ही खिशातून भरू शकतो, एवढाच फरक.

ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. ब्रिटनने १९४८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आरोग्य सेवा सुरू केली. पैसे कमी पडू लागल्यावर तीनच वर्षांनी, १९५१ मध्ये, पहिली कात्री लागली ती कवळ्यांना आणि चष्म्यांना. ही सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून राजीनामा दिला. दात हा शरीराचा भाग नसून चैनीचा भाग आहे, असे जणू सगळीकडच्या सरकारांना वाटते. उलट उदाहरणही आहे. ब्राझीलने २००४ मध्ये दातांची सेवा राष्ट्रीय धोरण म्हणून हाती घेतली आणि वस्तीपातळीवरच्या आरोग्य पथकांना दंतवैद्य जोडून दिले. तो श्रीमंत देश नाही. त्यांनी ठरवले, एवढेच.

ठरवण्याची भाषा आपल्या कागदांतही आहे. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आरोग्य मंदिरांत द्यायच्या बारा सेवांमध्ये तोंडाचे आरोग्य आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि त्या यादीत दातांची कीडही आहे. राज्याने २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियान काढले, त्याला सचिन तेंडुलकरचा चेहरा दिला. तपासणी आहे, जाहिरात आहे. त्यापुढची खुर्ची, जिच्यावर बसवून दात भरायचा, ती माणसाच्या घराजवळ नाही.

खैरात आणि हक्क

आपण मुस्लिम तरुण यात काय करतो? शिबिर घेतो, किंवा कुणाची फारच वाईट अवस्था झाली तर जकातीतून त्याचा खर्च करतो. दोन्ही नेक कामे आहेत, बंद करा असे मी म्हणणार नाही. पण जकातीच्या पैशातून एका माणसाची एक दाढ वाचते. पुढच्या वर्षी दुसरा माणूस, दुसरी दाढ. महापालिकेच्या रुग्णालयात रोज चालणारी एक खुर्ची आणि तिच्यामागे उभा असलेला एक पगारी डॉक्टर वर्षभरात जे काम करील, ते पन्नास शिबिरांनी होणार नाही. शिवाय ती खुर्ची आपल्या करांतून येते, ती कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

इथे एका माणसाची आठवण काढायला हवी. भारतातले पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी उभे केले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आलेला हा माणूस फक्त श्रीमंतांचे दात बघत आयुष्य सुखात काढू शकला असता. त्याने स्वतःच्या कमाईतून कॉलेज चालवले आणि १९४९ मध्ये ते सरकारच्या हवाली केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे सरकारी महाविद्यालय आहे. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मला यातला सगळ्यात मोठा धडा हवाली करण्याचा वाटतो. आपण सुरू केलेले काम शेवटी सगळ्यांच्या मालकीचे व्हावे, ही समज त्यांच्याकडे होती.

आपली स्वतःची जबाबदारीही आहेच. ज्या दीनमध्ये वुजू करताना रोज पाच वेळा चूळ भरली जाते आणि मिसवाक सुन्नत आहे, त्या दीनच्या पोरांच्या गालात माव्याची पुडी असावी, हे शोभत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या बायकांची मशेरी तर आपण व्यसनात मोजतही नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे. जुम्याच्या बयानात यावर बोलले गेले पाहिजे. पण एक लक्षात ठेवू या. ‘तुम्हीच खाता, तुम्हीच भोगा’ हे उत्तर सरकारला देता येणार नाही. कीड न खाणाऱ्यालाही लागते, लहान मुलालाही लागते.

मागायचे काय, विचारायचे काय?

‘आरोग्य सुविधा सुधारा’ असे मोघम निवेदन दिले की ते फाइलमध्ये जाते. मागणी नेमकी हवी. नाशिक रोडला महापालिकेचे बिटको रुग्णालय आहे, तिथे चालत जाता येते. मागण्या अशा असाव्यात: आठवड्याचे सहा दिवस दातांची ओपीडी आणि तिची वेळ दारावर लिहिलेली. त्यातले दोन दिवस संध्याकाळी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. फक्त दात काढणे नव्हे, तर भरणे, रूट कॅनल आणि दातांचा एक्स-रे. शाळेतल्या तपासणीत कीड सापडलेल्या मुलांना तारीख देऊन बोलावणे. आणि दंत महाविद्यालयाशी करार, म्हणजे तिथले इंटर्न इथे बसतील. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, आपल्याकडे रुग्ण आहेत.

पैसा नाही, असे उत्तर येईल. महापालिकेवर बाळंतपण, डायलिसिस, साथीचे रोग यांचा भार आहे, हे खरे आहे. पण दातांच्या खुर्चीला मोठी इमारत लागत नाही, आयसीयू लागत नाही. मुंबई महापालिकेने आपला दवाखान्यांच्या जोडीला सुरू केलेल्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांचे उपचार ठेवले आहेत, तिचे नायर दंत महाविद्यालय तर कित्येक दशके चालू आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये मोठी कामे निघाली आहेत. त्यात एका खुर्चीची जागा नक्की निघेल.

मागण्याआधी आकडे हातात हवेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, म्हणून प्रश्न मोजके ठेवा. महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला विचारा: दंतवैद्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती? खुर्च्या किती, चालू किती? गेल्या वर्षी किती दात काढले, किती भरले, किती रूट कॅनल केले?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. काढलेले दात आणि वाचवलेले दात यांचे गुणोत्तर काढा. शंभर काढले आणि दहा भरले असतील, तर तो दवाखाना लोकांचे दात वाचवायला नाही, फक्त उपटायला बसला आहे, हे कोणालाही समजेल. तो एक आकडा घेऊन प्रभागातल्या नगरसेवकाकडे जा. एकटे जाऊ नका. सिन्नर फाट्यावरच्या दाढदुखीला जात-धर्म नाही, शेजारच्या वस्तीतल्या लोकांनाही सोबत घ्या. बुद्धविहारातली मंडळी, रिक्षा युनियन, महिला बचत गट, सगळ्यांच्या सह्या असलेले निवेदन नुसते फाइलला लावून ठेवणे अवघड असते.

पुढच्या वेळी मोहल्ल्यात दंततपासणी शिबिराची बैठक बसेल, तेव्हा दोन कामे वाढवा. तपासलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर जवळच्या सार्वजनिक दवाखान्याचे नाव आणि वार लिहा. आणि बॅनरच्या खर्चातले दहा रुपये बाजूला काढून, त्याच दिवशी, तिथेच बसून तो अर्ज लिहा.