फुलचूरला कुणी विचारलं?

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या पानठेल्यावर निवडणुकीचे अंदाज रोज बांधले जातात. सर्वेक्षणवाला तिथे कितीदा थांबतो? लोकसभेच्या १ जून २०२४ च्या बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेपार नेलं; प्रत्यक्षात जागा आल्या २९३, आणि आमच्या भंडारा-गोंदियात काँग्रेस जिंकली. म्हणून हा अंक जनमत चाचण्यांवर. नमुना मोठा असला की झालं, हे आम्हाला पटत नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांवर उत्तरं येऊनही अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ आपटला, यादीत भरणा टेलिफोन नि मोटारवाल्यांचा होता. एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटेच निघालेली बाई कोणत्या यादीत असते? तुमच्या दारी कुणी प्रश्नावली घेऊन आलं होतं का? खरं उत्तर दिलंत का, तेही कळवा. नाव छापणार नाही.